पेट्रोल टाकीचं झाकण नवं, चावी जुनीच: मोटरसायकलचं कुलूपवालं झाकण बदलून चावीशी जुळवण्याची पद्धत

मोटरसायकलच्या टाकीचं झाकण बदलणं हे तसं अर्ध्या तासाचं काम आहे. चार-पाच बोल्ट काढायचे, जुनं उचलायचं, नवं बसवायचं. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. नव्या झाकणासोबत नवी चावी येते आणि गाडी सुरू करायला एक, पेट्रोल भरायला दुसरी अशी विभागणी कायमची मागे लागते. दुसरी चावी नेमकी घरी राहते. दोन्ही एकाच कडीत अडकवल्या तर लोंबणारा जुडगा गाडीच्या हादऱ्यांबरोबर इग्निशनच्या कुलपाला सतत हिसके देतो आणि काही वर्षांनी तेही ढिलं पडतं.

म्हणून झाकण नवं घेतलं तरी त्याचं कुलूप जुन्या चावीवरच आणावं, असं माझं ठाम मत आहे. हे काम घरी होतं. त्याला लागते ती बारीक हातांची सवय, चांगला उजेड आणि एक मोकळी दुपार. खाली मी झाकण बदलण्यापेक्षा कुलूप जुळवण्यावर जास्त लिहिलं आहे, कारण लोक अडतात ते तिथेच.

आधी बघा, झाकण खरंच गेलंय का

चावी आत जाते पण फिरत नाही, ही सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार. अशा वेळी तळहाताने झाकण खाली दाबून धरा आणि मग चावी फिरवा. झाकणाखालचं रबरी सील पेट्रोलने फुगलं की ते झाकणाला वर ढकलत राहतं, आतली खिट्टी खाचेत घट्ट अडकते आणि दोष मात्र कुलपाला लागतो. दाबल्यावर चावी फिरली, तर बदलायचं आहे ते सील, झाकण नव्हे.

दुसरी पायरी जादा चावीची. रोजची चावी वर्षानुवर्षं खिशात आणि कुलपात घासून तिचे दात बोथट होतात. कपाटात पडून असलेली जादा चावी लावून बघा. ती सहज फिरली तर कुलूप ठीक आहे. मग जादा चावीवरून नवी कापून घ्या. झिजलेल्या चावीची नक्कल कधीही करू नका, कारण नक्कल करताना तिची झीजही नव्या चावीत उतरते.

धूळ आणि पाणी हे तिसरं कारण. चावीच्या भोकावरची छोटी पापडी तुटली की पावसाचं पाणी आणि माती थेट आत जाते. इथे इंजिन ऑइल किंवा ग्रीस घालायचा मोह टाळा. तेलात धूळ मिसळून जो चिकट राप बनतो, तो काही महिन्यांत कुलूप आणखी जाम करतो. ग्राफाइटची कोरडी पूड चावीला लावून ती दहा-बारा वेळा आत-बाहेर करा आणि प्रत्येक वेळी चावी पुसा.

एक चौथी गोष्ट आहे, जिचा कुलपाशी संबंध नाही पण लोक त्यासाठीही झाकण बदलतात. गाडी थोडा वेळ नीट चालते, मग जोर सोडून बंद पडते. झाकण उघडलं की ‘फस्स’ असा आवाज येतो आणि गाडी पुन्हा सुरू होते. टाकीतलं पेट्रोल कमी होत जाईल तशी त्याच्या जागी हवा आत यावी लागते. ती झाकणातल्या बारीक भोकातून येते. ते बुजलं की टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल खाली उतरेनासं होतं. असं झाकण काढून, भोक साफ करून परत लावता येतं.

चावी आत तुटली असेल, बॅरल (चावी जाते तो गोल तुकडा) नुसताच गोल फिरत असेल, बिजागरी मोडली असेल किंवा झाकणाभोवतीच्या कड्याचा ओतीव धातू फुगून खवल्यांसारखा सुटत असेल, तर मात्र झाकण बदलायची वेळ आली आहे.

विकत घेताना

झाकणं ढोबळमानाने दोन जातींची. एक, टाकीच्या पृष्ठभागाशी सपाट बसणारं, बिजागरीवर उघडणारं, भोवती बोल्टचं कडं असलेलं. दुसरं, चावी फिरवून पूर्ण हातात येणारं, आट्यांवर किंवा खाचांवर बसणारं. दुसऱ्या प्रकारात टाकीवरचं काहीच खोलावं लागत नाही, त्यामुळे पुढे मी पहिल्या प्रकाराबद्दलच बोलतो. कुलपाचं काम दोन्हीकडे जवळपास सारखंच आहे.

नवं झाकण घेताना बोल्टांची संख्या आणि त्यांच्यामधलं अंतर सगळेच बघतात. चावीच्या पात्यावरच्या खाचा फारच थोडे जण बघतात. चावीच्या दातांशी इथे मतलब नाही. पात्याच्या लांबीवर दोन्ही अंगांना ज्या उभ्या चऱ्या असतात, त्या बघायच्या. दुकानातच तुमची जुनी चावी नव्या झाकणात घालून पाहा. ती फिरणार नाही, पण शेवटपर्यंत आत गेली पाहिजे. दिसायला सारख्या दोन चाव्यांमध्ये चरी एकीला डाव्या अंगाला आणि दुसरीला उजव्या अंगाला असू शकते. चावी आतच जात नसेल तर ते कुलूप तुमच्या चावीवर कधीच येणार नाही, कितीही कानस चालवा.

गाडीला चिपवाली चावी असेल तर इग्निशन, सीट आणि टाकी असा पूर्ण लॉकसेट बदलण्याच्या फंदात पडू नका. इग्निशनच्या नव्या चावीची गाडीच्या संगणकाला ओळख करून द्यावी लागते आणि तो वेगळा खटाटोप आहे. टाकीच्या कुलपाला चिपशी देणंघेणं नसतं, ते निव्वळ दातांवर चालतं. त्यामुळे चिपच्या गाडीवर टाकीचं कुलूप जुन्या चावीशी जुळवणं हाच सरळ मार्ग.

आणि जुनं झाकण फेकू नका. तुमच्या चावीच्या दातांना जुळणाऱ्या कुलपातल्या पितळी पट्ट्या त्याच्याच पोटात आहेत.

वाफेचं भान

पेट्रोल उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं. ही वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते, त्यामुळे ती उडून न जाता जमिनीलगत पसरते आणि खोलीच्या कोपऱ्यात साचते. हवेत तिचं प्रमाण साधारण १.४ ते ७.६ टक्क्यांच्या दरम्यान असलं की एक ठिणगी पुरते. अर्धी रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते ती यामुळेच.

काम उघड्यावर करा, सावलीत करा, इंजिन पूर्ण गार झाल्यावर करा. जवळपास पेटती शेगडी, देवघरातला दिवा, चालू बॅटरी चार्जर, वेल्डिंग यातलं काहीही नको. टाकीला हात लावण्याआधी गाडीच्या सांगाड्याच्या उघड्या धातूला हात लावा, म्हणजे अंगावरचा स्थिर विद्युतभार निघून जातो. अडकलेला बोल्ट सोडवायला गॅसची ज्योत किंवा हीट गन टाकीजवळ आणायची नाही, ‘फक्त दोन सेकंद’ म्हणूनही नाही. कार्बन ब्रश असलेल्या ड्रिलच्या मोटरमध्ये ठिणग्या उडत असतात, तेव्हा उघड्या टाकीवर ड्रिलही नको.

जुनं झाकण काढताना

सगळ्यात आधी कड्याचा वरून फोटो काढा. कड्यावर सहा-सात बोल्ट दिसले तरी त्यातले खरे तीन-चारच असतात, उरलेले शोभेचे. शोभेचे बोल्ट नुसतेच दाबून बसवलेले असतात. पाना हलका फिरवून बघितला की कळतं. शोभेच्या बोल्टशी झटापट करून अॅलनचं (बोल्टच्या डोक्यातलं षटकोनी) भोक गोल करून ठेवणारे मी बरेच पाहिले आहेत.

अॅलनच्या भोकात साचलेली माती सुईने पूर्ण उकरून काढा. हे एक मिनिट वाचवलं की एल-की, म्हणजे त्या भोकाचा वाकडा षटकोनी पाना, अर्धीच आत जाते आणि जोर लावल्याबरोबर निसटते. एल-की बहुधा ३ किंवा ४ मिलीमीटरची लागते आणि ती न झिजलेली हवी. गंजलेल्या बोल्टवर भेदक तेलाचा एक थेंब टाकून तासभर थांबा. फुलीचे स्क्रू असतील तर आणखी एक बाब लक्षात घ्या: जपानी गाड्यांवरचे फुलीचे स्क्रू जेआयएस (जपानी औद्योगिक मानक) मापाचे असतात. साधा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर त्यात पूर्ण बसत नाही, जोर दिला की वर सरकतो आणि डोकं खातो. जेआयएस स्क्रूड्रायव्हर महाग नसतो आणि एकदा घेतला की जन्मभर पुरतो.

बऱ्याच झाकणांमध्ये एक खरा बोल्ट झाकणाच्या खाली दडवलेला असतो, आणि झाकण उघडल्याशिवाय तो दिसत नाही. चोराने बाहेरचे बोल्ट काढून अख्खं कडं उचलू नये म्हणून ही सोय आहे. हा दडलेला बोल्ट डोक्यात ठेवा, चाचणीच्या वेळी तो पुन्हा आपल्या वाटेत येणार आहे.

झाकण उघडल्याबरोबर टाकीच्या तोंडात धागे न सुटणारं मोठं सुती फडकं कोंबा आणि त्याचं एक टोक बाहेर लोंबत ठेवा. फडकं इतकं मोठं हवं की चुकूनही आत जाणार नाही. स्टीलचा बोल्ट टाकीत पडला तर दोरीला बांधलेल्या लोहचुंबकाने तो वर येतो. पितळ, अॅल्युमिनियम आणि बहुतेक स्टेनलेस बोल्ट चुंबकाला लागत नाहीत, आणि मग टाकी उतरवून उलटी करावी लागते.

कडं उचलताना खालच्या गॅस्केटची (रबरी सीलची) दिशा बघून ठेवा. तोंडाच्या भोवतालच्या खोबणीत एक बारीक भोक असतं, त्यातून पावसाचं पाणी नळीवाटे गाडीखाली जातं. गॅस्केट उलटं बसलं तर हे भोक झाकलं जातं, पाणी कड्यात साचतं आणि टाकीत झिरपतं. इथवर आलाच आहात तर त्या भोकातून थोडं पाणी सोडून बघा. खालून आलं नाही तर नळी बुजलेली आहे. पातळ वायर किंवा तोंडाची फुंकर पुरते.

आता टाकीचं तोंड प्लास्टिक आणि रबरबँडने झाका, गाडी बाजूला लावा. पुढचं सगळं काम टेबलावर, टाकीपासून दूर.

बॅरल बाहेर काढणं

ज्या गोल तुकड्यात चावी जाते त्याला बॅरल म्हणतात. झाकण उलटं केलं की पत्र्याची किंवा प्लास्टिकची एक तबकडी दिसते, तिच्यावर दोन-तीन बारीक स्क्रू असतात. ते सोडण्याआधी पुन्हा फोटो. तबकडीखाली खिट्टी, तिच्या दोन स्प्रिंगा आणि हवेच्या वाटेतला छोटा गोळा किंवा झडप अशी मंडळी असते. तबकडी उचलल्याबरोबर स्प्रिंग उडते, म्हणून हे काम मोठ्या पारदर्शक पिशवीत हात घालून करा. उडालेली स्प्रिंग पिशवीतच सापडते.

नव्या झाकणातला बॅरल त्याची चावी घालून बाहेर काढायचा असतो, कारण चावी आत असताना सगळ्या पट्ट्या आत ओढलेल्या राहतात. काही कुलपांत बॅरल मागून एका क्लिपने धरलेला असतो. काहींत शेवटची पट्टी धरून ठेवण्याचं काम करते. तिच्यासाठी घराच्या, म्हणजे बॅरल ज्या पोकळीत बसतो तिच्या, अंगाला टाचणीएवढं भोक असतं. चावी घालून, टाचणीने ती पट्टी दाबून बॅरल ओढला की तो सरकत बाहेर येतो. ही धरणारी पट्टी चावीच्या दातांशी जुळवायची नसते. तिला बाकीच्यांत मिसळू देऊ नका.

बॅरलच्या शेपटीला एक खुंटी असते, तीच खिट्टी मागे ओढते. चावी उभी असताना खुंटी कोणत्या बाजूला आहे याची खूण पेनाने करून ठेवा. अर्धा वळसा चुकीचा बसला तर चावी भलत्याच ठिकाणी निघते.

पट्ट्या जुळवणं

आता या कामाचा गाभा. बॅरलच्या आडव्या खाचांमध्ये पातळ पितळी पट्ट्या असतात, मोटरसायकलच्या टाकीच्या कुलपात बहुधा चार ते सात. बाहेरून सगळ्या पट्ट्यांचं माप एकच. फरक असतो तो मधल्या चौकोनी खिडकीच्या उंचीत. एकीची खिडकी जरा वर, दुसरीची जरा खाली. चावी या सगळ्या खिडक्यांतून आरपार जाते. प्रत्येक पट्टीला एक केसासारखी स्प्रिंग एका बाजूला ढकलत असते, त्यामुळे पट्टीचं टोक बॅरलच्या बाहेर येऊन घराच्या खोबणीत अडकतं आणि बॅरल फिरत नाही. बरोबर चावी घातली की तिचा प्रत्येक दात आपापल्या पट्टीला नेमकं इतकं सरकवतो की तिचं कुठलंच टोक बाहेर राहत नाही. मग बॅरल गुळगुळीत होतो आणि फिरतो.

एवढं समजलं की पुढचं कोडं सोपं आहे: तुमच्या जुन्या चावीने सगळ्या पट्ट्या बॅरलशी सपाट आल्या पाहिजेत.

नशीब चांगलं असेल आणि जुनं झाकण त्याच घराण्यातलं असेल, तर जुन्या बॅरलमधल्या पट्ट्या एकामागून एक, त्याच क्रमाने नव्या बॅरलमध्ये घाला. काम संपलं. त्याहून सोपं म्हणजे जुना बॅरलच नव्या झाकणात बसतो का ते बघणं. झाकणाचं कडं गंजलं पण कुलूप धड आहे, अशा वेळी हे पाच मिनिटांत होतं.

ते जमलं नाही तर जुळवाजुळव करावी लागते. नव्या बॅरलमधून नवी चावी काढा, जुनी घाला आणि बॅरलवरून अंगठ्याचं नख फिरवा. काही पट्ट्या सपाट लागतील, काही वरून टोचतील, काही खालून. कागदावर बॅरलचं चित्र काढा, तोंडापासून शेपटीकडे १, २, ३ असे आकडे द्या आणि प्रत्येकापुढे ‘सपाट’, ‘वर’, ‘खाली’ असं लिहा. मग चावी काढून एकेक पट्टी चिमट्याने सरळ ओढा. काही बॅरलमध्ये खाचेची कड किंचित ठोकलेली असते. तिथे वाकडं न ओढता हळूहळू सैल करा. पट्टी वाकली की ती वाया गेली. प्रत्येक पट्टीखालची स्प्रिंग लगेच डबीत टाका.

पट्टीच्या अंगावर बहुधा एक आकडा ठोकलेला असतो, १ ते ४ किंवा तसाच काहीसा. तो खिडकीच्या उंचीचा क्रमांक. भिंग घेऊन वाचा आणि कागदावर उतरवा. काही कुलपांत पट्ट्यांच्या स्प्रिंगा एकाआड एक विरुद्ध बाजूंना असतात, म्हणजे निम्म्या पट्ट्या वर ढकलल्या जातात, निम्म्या खाली. ती दिशाही टिपा.

आता पहिल्या खाचेत हाताशी असलेली प्रत्येक पट्टी आळीपाळीने बसवायची आणि दर वेळी जुनी चावी घालून बघायची. जी सपाट येईल ती तिथली. असं करत शेवटपर्यंत जा. जुन्या झाकणातल्या आणि नव्या झाकणातल्या, दोन्हीकडच्या पट्ट्या या ढिगात असल्या की बहुतेक खाचा भरतात. चुकीच्या जागी बसलेल्या पट्टीचा आकडा बघून दिशा कळते: २ क्रमांकाची वर टोचत असेल तर बहुधा एका बाजूचा शेजारी क्रमांक तिथे बसेल. दोन-तीन खाचांनंतर हात आपोआप बरोबर पट्टीकडे जायला लागतो.

तरीही एखादी खाच अडून बसते. तेव्हा कानस. पण कानस कुठल्या टोकाला चालवतोय याचा नीट विचार करा, कारण दोन टोकांचा परिणाम सारखा नसतो. स्प्रिंग पट्टीला खाली ढकलते आणि चावी तिला वर उचलते असं धरा. चावीने पट्टी जरा जास्त उचलली गेली, तर ती वरून टोचते. वरचं टोक घासलं की ती सपाट होते आणि चावी काढल्यावर खालचं टोक पूर्वीसारखंच खोबणीत अडकतं. उलट, चावीने ती पुरेशी उचललीच गेली नाही, तर ती खालून टोचते, आणि खालचं टोक घासणं म्हणजे जे टोक कुलूप अडवतं तेच छाटणं. फार घासलं तर ती पट्टी नावालाच उरते. तसंच कुठलंही टोक घासलं की पट्टी आखूड होते आणि आखूड पट्टी एकाहून जास्त उंचीच्या दातांना वाट देते. म्हणून माझी मर्यादा अशी: सगळ्या मिळून एक किंवा फार तर दोन पट्ट्यांना कानस, तीही शक्यतो वरच्या टोकाला. एखादी खाच अजिबात जुळत नसेल तर ती एक रिकामी ठेवलेली चालते. तीन-चार खाचा रिकाम्या ठेवल्या तर कुठलीही सारख्या चरीची चावी ते कुलूप उघडेल.

कानस बारीक दातांची, सपाट, सोनारकामातली असते तशी घ्या. घासण्याआधी बॅरलच्या अंगाला काळ्या मार्कर पेनाने रंगवा. चावी आत ठेवून पट्टीचं टोक बॅरलच्या गोलाईवरून हलक्या हाताने घासा आणि आजूबाजूची शाई पुसट व्हायला लागली की थांबा. बॅरलचं अंग घासलं गेलं तर तो घरात खडखडतो आणि त्यावर उपाय नाही. दोन फटके, नखाने तपासणी, पुन्हा दोन फटके, या गतीने चला.

शेवटी पितळेचा भुसा मऊ ब्रशने आणि कॉन्टॅक्ट क्लीनरने पूर्ण झाडून टाका. एक कण खाचेत राहिला तर पट्टी अर्ध्यावर अडकते. सुकल्यावर ग्राफाइटची चिमूटभर पूड, बस्स.

जोडणी आणि चाचणी

बॅरल घरात घाला, पण तबकडी अजून लावू नका. चावीने वीस-तीस वेळा फिरवा, दर वेळी चावी पूर्ण बाहेर काढून पुन्हा घाला. चावी काढल्यावर बॅरल बोटाने फिरतोय का बघा, फिरता कामा नये. नव्या झाकणासोबत आलेली चावी लावून पाहा. तिनेही फिरता कामा नये. फिरलाच, तर पट्ट्या फार घासल्या गेल्या आहेत.

मग खिट्टी, स्प्रिंगा, हवेची झडप आणि तबकडी फोटो बघून बसवा. तबकडीच्या बारीक स्क्रूंना मध्यम ताकदीच्या निळ्या थ्रेडलॉकरचा (आटे सैल होऊ न देणाऱ्या डिंकाचा) अगदी छोटा थेंब लावा. हे स्क्रू थेट टाकीच्या तोंडावर लटकतात, सैल झाले तर पेट्रोलमध्येच पडणार. हवेच्या भोकात तोंडाने फुंकून वाट मोकळी असल्याची खात्री करा. काही झाकणांत झडप हवा एकाच दिशेने सहज जाऊ देते. अशा वेळी बाहेरून आत जाणारी वाट मोकळी हवी.

गॅस्केट नवंच घाला, आणि ते नायट्राइल किंवा व्हायटन रबराचं असू द्या. साधं नैसर्गिक रबर पेट्रोलमध्ये फुगतं. गॅस्केटवर सिलिकॉन सीलंट लावणारे भेटतात. कृपा करून लावू नका. पेट्रोलने ते मऊ पडतं, त्याचे तुकडे सुटतात आणि फिल्टरपर्यंत किंवा कार्बोरेटरच्या जेटपर्यंत पोचतात.

कडं टाकीवर ठेवून सगळे बोल्ट आधी बोटांनी आत न्या. बोल्ट वाकडा जातोय असं वाटलं तर काढून पुन्हा सुरुवात करा, कारण या आट्यांना माफी नाही. मग समोरासमोरच्या जोड्यांनी थोडं थोडं आवळा. ५ मिलीमीटरच्या बोल्टला साधारण ५ न्यूटन-मीटर पुरतात. ४ मिलीमीटरला त्याच्या निम्मे. तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा. टॉर्क रेंच नसेल तर एल-कीची लांब बाजू बोल्टमध्ये घालून आखूड बाजूने आवळा. हाताला जोर लावायला जागाच कमी मिळते आणि आटे वाचतात.

आता तो दडलेला बोल्ट. झाकण अजून बंद करू नका. ते उघडंच ठेवून चावी फिरवा आणि खिट्टी पूर्ण मागे सरकते का, चावी सोडल्यावर परत पूर्ण बाहेर येते का, हे निदान दहा वेळा बघा. बंद केल्यावर कुलूप अडकलं, तर कडं सोडवायचा बोल्ट आत आणि तुम्ही बाहेर. ही चूक माझ्या हातून एकदा झाली आहे. संध्याकाळ गेली आणि शेवटी कुलूपवाल्याला बोलवावं लागलं. पहिल्यांदा बंद करताना चावी आत ठेवूनच, खिट्टी मागे धरून झाकण टेकवा. दहा वेळा असं उघडून-बंद करून झालं की मगच चावी काढा.

टाकीच्या तोंडातलं फडकं काढलं का, तेही याच वेळी बघा.

पहिल्या फेरीनंतर कड्याभोवती बोट फिरवून ओल आहे का तपासा आणि झाकण उघडताना ‘फस्स’ ऐकू येतंय का ऐका. काठोकाठ पेट्रोल भरून चाचणी घेऊ नका. पेट्रोल दर अंश सेल्सिअसमागे जवळपास ०.१ टक्का प्रसरण पावतं. १२ लिटरची टाकी सावलीतून उन्हात आली आणि पेट्रोल २० अंशांनी तापलं, तर पाव लिटरच्या जवळपास वाढ होते. ती वाढ हवेच्या भोकातून बाहेर येते आणि नव्या झाकणावर गळतीचा ठपका येतो. तोंडाच्या आतल्या पत्र्याच्या खालच्या कडेपर्यंत भरलं की पुरे.

चावीच हरवली असेल तर

बंद झाकणाचं कुलूप ड्रिलने फोडणं हे काम घरी करू नका. भुसा टाकीत जातो, ठिणगीचा धोका तर आहेच. गाडीची कागदपत्रं घेऊन कुलूपवाल्याकडे जा. तो कुलूप न मोडता हत्यारांनी उघडतो, आणि त्याच झाकणातल्या पट्ट्या वाचून नवी चावी कापून देऊ शकतो. मात्र टाकीच्या कुलपात पट्ट्या इग्निशनपेक्षा कमी असू शकतात. तेव्हा त्यावरून बनवलेली चावी टाकी उघडेल, पण इग्निशनच्या उरलेल्या दातांसाठी तिच्यावर आणखी काम लागेल, हे त्याला आधीच विचारून घ्या. मूळ चावीवर किंवा तिच्यासोबतच्या धातूच्या बिल्ल्यावर एक क्रमांक कोरलेला असेल तर तो दाखवा. त्यावरून चावी थेट कापता येते.

तो क्रमांक चावी हातात असतानाच कागदावर लिहून गाडीपासून वेगळ्या जागी ठेवलेला बरा. उरलेल्या पट्ट्या, स्प्रिंगा आणि पट्ट्यांच्या क्रमांकांचं ते चित्रही एका डबीत घालून जादा चावीबरोबर ठेवा. सीटचं किंवा बाजूच्या पेटीचं कुलूप याच चावीवर आणायची वेळ आली, तर नेमक्या याच पट्ट्या लागतात.